जड प्राणवायू

"सरकली! रेघ सरकली, दुब्राव्का! काढ बाटली!" ल्युबो संगणकाच्या पडद्यासमोर उड्या मारत ओरडला.

"आधी चष्मा पूस," दुब्राव्का म्हणाली. "याला सरकणं म्हणतात? झोपेत कूस बदलली असेल फार तर. हरलायस तू."

हे नवरा-बायको. झाग्रेबच्या आमच्या प्रयोगशाळेत दोघांची उभी हयात एकाच भांडणात गेली. तांब्याच्या ऑक्साइडचं काळं खापर खूप थंड केलं, की वीज त्यातून बिनअडथळा धावते. पण का? ल्युबो म्हणे, अणूंच्या थरथरीमुळे. दुब्राव्का म्हणे, छे, तांब्याच्या अंगच्या चुंबकत्वामुळे. लग्नाच्याच वर्षी पैज लागली आणि ल्युबोच्या आजोबांच्या मळ्यातली वाइन कपाटावर चढली. जिंकेल त्याने फोडायची.

शुक्रवारी दोघंही निवृत्त होणार, म्हणून हा शेवटचा डाव. खापरातला प्राणवायू काढून तिथे जड प्राणवायू भरला होता. जड अणू सावकाश थरथरतो. खेळ थरथरीचा असेल, तर वीज तशी धावायला खापराला आणखी थंडी लागायला हवी.

ती लागली. पण इतकी थोडी, की ल्युबोला जिंकता येईना आणि दुब्राव्काला त्याला हरवता येईना.

थंडीसाठी यंत्रात हेलियम भरणारा मी बाजूलाच उभा होतो. मला फार वाईट वाटलं. जन्मभराचं भांडण असं निकालाविना घरी न्यायचं?

"बरोबरी," अखेर दुब्राव्का म्हणाली. "आण खाली."

ल्युबोने बूच काढलं, वास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "व्हिनेगर!"

अंशाच्या शंभराव्या भागासाठी भांडणाऱ्या या विद्वानांनी वाइन जपली होती खापरं भाजायच्या भट्टीशेजारच्या कपाटावर!

"जागा तू निवडलीस," ल्युबो म्हणाला.

"आणि अक्कल तुझी!"

मग तिघंही पोट धरून हसलो. दुब्राव्काने डब्यातल्या घेवड्याच्या सॅलडवर ते व्हिनेगर ओतलं. पावाबरोबर आम्ही डबा चाटूनपुसून साफ केला.

शुक्रवारी जाताना ल्युबोने त्याच कपाटावर नवी बाटली ठेवली.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"ज्याला खरं कारण कळेल त्याच्यासाठी."

"म्हणजे माझ्या बाजूच्या माणसासाठी," दुब्राव्का म्हणाली आणि त्याचा हात धरून जिना उतरू लागली.

ट्रामच्या थांब्यापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं. ते विरल्यावर मी बाटली उतरवली आणि भट्टीपासून लांब, खालच्या गार खणात आडवी ठेवली.