तिसरा फेरा

“तुमच्या आकड्यांनी महिनाभराच्या कामाचं वाटोळं केलं, बाई!” विभागप्रमुख सगळ्यांदेखत ओरडले.

बाई त्या खगोल संशोधन संस्थेत करारावर होत्या. अकरा वर्षं त्यांचं एकच काम: संगणकातल्या ताऱ्यांच्या कक्षा गोल करणं. विझलेले, पण भयंकर जड असे दोन तारे एकमेकांभोवती फिरवायचे; फिरता फिरता ते हळूहळू जवळ येतात. सुरुवातीचा वेग जरा चुकला की कक्षा लांबट होते, दोघांमधलं अंतर हेलकावे खातं. तीन फेरे चालवून ते हेलकावे मोजायचे, वेग केसभर बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा चार खेपा घातल्या की कक्षा गोल होते. काम चिवटपणाचं, म्हणून हुशार माणसं त्याच्या वाटेला जात नसत.

या वेळी मात्र प्रमुखांनी घाईघाईत दुरुस्ती स्वतःच केली होती. बाईंनी फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. सुरू होताना तारे धक्का खाऊन थरथरतात, म्हणून पहिला फेरा मोजणीत घ्यायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. यांनी तोच घेतला होता. दुरुस्ती उलटी लागून कक्षा पार अंडाकृती झाली होती.

“सर, पहिला फेरा तुम्ही मोजणीत धरलाय.”

“मला शिकवू नका. चूक तुमची होती असं लिहून द्या, नाहीतर करार संपला समजा.”

चोपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. तरी संताप आवरेना.

“चोराच्या उलट्या बोंबा! नाही देणार लिहून.”

“मग पाच वाजेपर्यंत टेबल मोकळं करा.”

बाईंनी टेबल आवरायला घेतलं नाही. पहिला फेरा वगळून त्यांनी योग्य वेग काढला, आकडे भरले आणि पाचच्या आत उरकावं म्हणून ढोबळ मोजमापावर तारे सोडले. प्रमुखांसाठी नव्हे, ते गेले खड्ड्यात. आपल्या हातची शेवटची कक्षा वेडीवाकडी राहू नये, एवढंच.

पहिला फेरा थरथरला, तो त्यांनी सोडून दिला. दुसऱ्यात पडद्यावरची अंतराची रेघ जराही न डुलता हळूहळू उतरत गेली. तिसरा अर्ध्यावर आला आणि पडदा काळा झाला. पाच वाजले होते. त्यांनी पासवर्ड टाकला, संगणकाने घेतला नाही. एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला.

पडद्याआड तारे अजून फिरत असतील, तर उरलेल्या अर्ध्या फेऱ्याला वीस मिनिटं लागतात. बाई तेवढी वीस मिनिटं काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या आणि मग उठल्या.