शेजारच्याच दाराचं पॅड

"आत्या, या पिकअपचं एक दार मी एकटीने करू?"

हा प्रश्न विचारायची पैज चष्मिष आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. आत्याचं गाड्यांच्या सीटा आणि दारांच्या आतली पॅडं बनवायचं दुकान आहे आणि तिथे तिच्या कात्रीला हात लावायची कुणाची टाप नाही. माझे बाबा तिचे सख्खे धाकटे भाऊ, पण तेसुद्धा दुकानात हात मागे बांधून उभे राहतात. माझी मात्र यंदा शाळेत वादविवादात बोलल्यापासून भीड पार चेपलीय. सरळ विचारून टाकलं.

आत्याच्या ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या होत्या. त्या एकेक करून तिने तळहातावर काढल्या.

"कर," ती म्हणाली. "पण नासवलंस, तर यापुढे दुकानात यायचं ते फक्त चहा प्यायला."

दाराबाहेर लंबूला उचकी लागली. मला तर अख्खी सुट्टी तिथेच काढायची होती. बाबांनी माझं नाव कॉम्प्युटरच्या क्लासला घालून ठेवलं होतं. आत्याने ठेवून घेतलं, तरच माझी सुटका!

पिकअप बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, गोल डोळ्यांची. आम्ही सगळे तिला म्हातारीच म्हणायचो. ड्रायव्हरच्या बाजूचं पॅड पाणी पिऊन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. पलीकडच्या दाराचं मात्र ठणठणीत. गाडीच्या मालक आजोबांनी त्याच हिरव्या रेक्झिनचा एक तुकडा सीटमागे वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवला होता. तसलं रेक्झिन आता कुठेच मिळत नाही.

"एवढंच आहे हं, बाळा," ते मला म्हणाले. "दोन्ही दारं जुळली पाहिजेत. नाहीतर म्हातारी काणी दिसेल."

मी कामाला लागले. पलीकडच्या दाराचं चांगलं पॅड क्लिपांमधून अलगद सोडवलं, नव्या हार्डबोर्डवर ठेवलं, भोवती पेन्सिल फिरवली. बोर्ड कापला, काच खालीवर करायच्या हँडलसाठी भोक पाडलं. मग सोल्युशन लावून फोम चिकटवला आणि त्यावर रेक्झिन ताणून बसवलं. कडा मागे वळवल्या. चारी बाजूंनी जास्तीचं रेक्झिन लोंबत होतं.

"आत्या, किती गबाळं दिसतंय! कापू?"

"लोंबू दे. पॅड दारावर बसल्याशिवाय माझ्या दुकानात कुणी जास्तीचं कापत नाही आणि रेक्झिनला भोकही पाडत नाही."

मी ओठ मुडपले, पण कात्री खाली ठेवली. पॅड उचलून झोकात दारापाशी नेलं.

बसेना.

पुढच्या बाजूला हवा असलेला गोल कोपरा मागे कुलपाशी आला होता. हँडलचं भोक भलत्याच टोकाला. उलटं धरून पाहिलं, तर ध्यान आणखीच वाईट. मग डोक्यात प्रकाश पडला. पलीकडचं पॅड जसंच्या तसं गिरवून मी पलीकडच्याच दाराचं आणखी एक पॅड केलं होतं! एकाच पायाच्या दोन चपला!

आत्या मागे येऊन उभी राहिली.

"वा! म्हातारीच्या एकाच दाराला दोन पॅडं. हौस म्हणून बदलायला बरी." मग तिचं हसू मावळलं. "बोर्ड उलटा करून फोम लावायचा होता. आता सोल्युशनने धरलंय. ओढलंस तर रेक्झिन फाटेल. माझ्याकडची हीटगन फार तापते, लावली तर आकसेल. सरक, मी बघते."

सरकले असते, तर ते दार तिचं झालं असतं आणि मी उरले असते चहापुरती.

"नाही. माझंच आहे ते." मी बाहेर धावले. "लंबू, तुझ्या ताईचा केसांचा ड्रायर आण!"

"आत्ता? केस करायचेत?"

"पळ गं!"

ड्रायर आला. चष्मिषने तो धरला आणि रेक्झिन कोमट झालं, की मी बोटभर सोडवायचे. लंबू मोकळा झालेला भाग बाळाला झेलावं तसा दोन्ही हातांवर झेलायची.

"आणखी जवळ धर."

"माझा चष्मा वितळेल!"

"वितळू दे, नवीन घे. हे रेक्झिन नवीन मिळत नाही!"

फोमच्या चिंध्या झाल्या, त्याचं काय एवढं, फोम ढिगाने पडला होता. रेक्झिन मात्र अखंड निघालं. भोक पडलं नव्हतं आणि कडा लोंबत होत्या, म्हणून ते दुसऱ्या बाजूनेही पुरणार होतं. मी बोर्ड पालथा केला, खरखरीत बाजू वर घेतली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी चिकटवायच्या आधी बोर्ड तीनदा दाराला लावून पाहिला. चष्मिष म्हणाली, "आता काय त्याला शपथ घालतेस?"

क्लिपा बसल्या. टक, टक, टक. तो आवाज मला इतका आवडला, की मी उगाचच एक क्लिप काढून परत बसवली.

आत्याने कडेवरून अंगठा फिरवला. "इथे सुरकुती आहे."

"आहे," मी म्हणाले.

"आजोबांना नाही दिसणार. मला दिसते. उद्यापासून रोज सकाळी ये, सुरकुती कशी घालवतात ते शिकवते."

मी नाचलेच. चष्मिष आणि लंबूही नाचल्या, त्यांना कशासाठी ते नीटसं कळलंही नव्हतं.

संध्याकाळी आजोबा आले. एक दार उघडलं, मिटलं, काच खालीवर केली. पलीकडे जाऊन तेच केलं. परत आले आणि डोळे बारीक करून विचारलं, "यातलं नवीन कुठलं गं?"

घरी पोचले तेव्हा आई ताटं मांडत होती आणि बाबा क्लासचं वेळापत्रक वाचत होते.

"हात धू आधी," आई म्हणाली.

"धुतले. सोल्युशन आहे, निघत नाही. बाबा, ते वेळापत्रक ठेवा खाली. क्लासमधून माझं नाव काढा. सुट्टीभर मी आत्याकडे काम शिकणार आहे. आत्या हो म्हणालीय आणि माझं तर पक्कंच ठरलंय."