चाऱ्याची जागा

गळाचं टोक चष्मेवाल्याने अंगठ्याच्या नखावर टेकवलं आणि हलकेच ओढलं. टोक घसरलं नाही, नखात रुतलं. म्हणजे धार शाबूत होती. सहा आठवडे डबीत पडून गळाला काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते त्याच्या घोट्याला झालं होतं. प्लास्टर निघून चार दिवस झाले तरी पायाला अजून स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. एका हातात आधाराची काठी, दुसऱ्या हातात रॉड आणि जाळी, खांद्यावर पिशवी आणि घडीचं स्टूल, अशा थाटात तलावाच्या बांधावरून खाली उतरताना त्याला तीनदा थांबावं लागलं होतं.

उद्या सकाळी नऊला मुलगी त्याला आपल्या शहरी कायमचं न्यायला गाडी घेऊन येणार होती. दोन बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. घरमालकाशी बोलायचं राहिलं होतं, ते काम तीच करणार होती. जायचं की नाही यावर दोघांची वर्षभर ओढाताण चालली होती आणि वर्षभर तोच जिंकत आला होता. मग तो जिन्यावरून पडला. गेल्या आठवड्यात तिने फोनवर साधा सरळ प्रश्न विचारला.

"बाबा, तिथे तुमचं आहे कोण?"

बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. चष्म्याचं दुकान सव्वा वर्षापूर्वी बंद केलं होतं. सहा आठवडे तो खाटेवर पडून दाराकडे बघत होता, आणि डबा देणारी बाई सोडली तर त्या दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. तीसुद्धा डबा उंबऱ्यावर ठेवून बाहेरूनच हाक मारायची आणि निघून जायची. अर्ध्या गावाला त्याने नजर दिली होती. त्यातल्या एकानेही तो कुठे दिसत नाही याची चौकशी केली नव्हती. हे त्याला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं.

"येतो मी," तो मुलीला म्हणाला होता.

तेव्हा आज तो माशासाठी नाही, शेवटचं बसून जायला आला होता. मासा मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तळाशी चरणारा कार्प काही प्रेमापोटी येत नाही. रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी दोन मुठी चारा पडला पाहिजे. मग त्याला सवय लागते आणि जागा तयार होते. आठवडाभर चारा चुकला की मासा दुसरीकडे तोंड वळवतो. पाण्यात बुडालेल्या एका झाडाच्या खोडाशेजारची जागा चष्मेवाल्याने सात वर्षं राखली होती. भुसा, पेंड आणि त्यात थोडा मध. ऊन असो, थंडी असो, एक दिवस खाडा नाही. आता सहा आठवड्यांनी तिथे नुसतं पाणी असणार.

डावीकडे वीसेक पावलांवर बेकरीवाला नेहमीसारखा बसला होता. रात्रभर भट्टीपुढे उभं राहून तो परस्पर इथे यायचा, आणि त्याच्या भुवयांवर अजून मैदा असायचा. सात वर्षांचे शेजारी, पण दोघांमधलं एकूण बोलणं पोस्टकार्डावर मावलं असतं. एक जण विचारणार, "हलतंय का?" दुसरा म्हणणार, "नाही." काठावर बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही, दुसऱ्याच्या जागेत गळ टाकायचा नाही आणि चाऱ्यात काय घालता हे विचारायचं नाही, असा तिथला अलिखित कायदा होता. तो मोडलेला चष्मेवाल्याला एकदाच आठवत होता. बेकरीवाल्याच्या चष्म्याची काडी निखळली होती, तेव्हा चष्मेवाल्याने खिशातला बारका स्क्रू ड्रायव्हर काढून ती जागच्या जागी बसवून दिली होती. त्या दिवशी दोघं मिळून सहा-सात वाक्यं बोलले असतील.

आजही बेकरीवाल्याने त्याला पाहिलं आणि नुसती हनुवटी उचलली. काठी दिसली असणार, लंगडणंही दिसलं असणार. "पायाला काय झालं," एवढे तीन शब्द काही जड नव्हते. चष्मेवाल्याने स्टूल मांडलं, तळाला लागेल इतपत शिसं लावलं, आमिष ओवलं आणि गळ खोडाच्या अलीकडे सोडला.

दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील, पाण्यावर तरंगणारा फ्लोट हलला.

तो आधी बुडाला नाही, वर आला आणि आडवा पडला. नवशिक्या माणूस अशा वेळी वारा समजून गप्प बसतो. चष्मेवाल्याला माहीत होतं, तळाशी कुणीतरी आमिष शिशासकट उचललं आहे. त्याने मनात एक, दोन म्हटलं आणि मनगट झटकलं. रॉड वाकला. रीळ ओरडायला लागलं. एका पायावर भार देऊन तो उभा राहिला. मासा खोडाकडे धावला की रॉड आडवा करून त्याला वळवायचं, दमला की दोरा गुंडाळायचा, पुन्हा धावला की सोडायचा, असं पाच-सात मिनिटं चाललं. शेवटी तो जाळीत आला तेव्हा चष्मेवाल्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. तीन किलोचा तरी असेल, चांगला पोसलेला.

हात पाण्यात भिजवून त्याने माशाला धरलं, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकटा निघून जातो आणि सोडलेला मासाही मग फार दिवस जगत नाही. गळ काढताना माशाने तोंडातला पांढरट लगदा त्याच्या तळव्यावर टाकला. त्याने तो बोटांनी चोळला, नाकाशी नेला.

बडीशेप.

भिजवलेल्या पावाचा चुरा आणि बडीशेप. हा त्याचा चारा नव्हता. हा कुणाचा चारा आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. वारा डावीकडून आला की हा वास सात वर्षं त्याच्या नाकात शिरत आला होता.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हा गडी इथे बसत होता. आपण खाटेवर पडल्या पडल्या छताच्या भेगा मोजत होतो आणि याने जागा बळकावली. मासा पाण्यात सोडून, काठी टेकत, पाऊल वाजतंय याची पर्वा न करता तो वीस पावलं चालत गेला.

"माझ्या जागेवर बसत होता तुम्ही?"

बेकरीवाल्याने फ्लोटवरची नजर काढली नाही.

"नाही."

"मग बडीशेप कुठून आली तिथे?"

"चारा टाकत होतो. बसलो नाही." त्याने मागे बोट दाखवलं. "गवत बघा की तुमच्या तिथलं."

चष्मेवाल्याने वळून पाहिलं. स्टुलाच्या चारही बाजूंनी गवत गुडघाभर वाढलं होतं. मघाशी त्याने स्वतःच ते काठीने दाबून बसायला जागा केली होती.

"रोज?"

"रोज दोन मुठी. माझ्या आधी तुमच्या जागेला टाकायचो, मग माझ्या. जागा मोडली असती नाहीतर. सात वर्षांची जागा. तुमच्या चाऱ्यात काय असतं ते मला माहीत नाही. म्हणून माझाच टाकला. चालला का?"

"चालला," चष्मेवाला म्हणाला. "चालला की. तीन किलोचा आला."

"बघितलं मी."

मग बेकरीवाल्याने रॉड खाली ठेवला. मासेमारीला आल्यावर त्याला रॉड खाली ठेवताना चष्मेवाला पहिल्यांदाच पाहत होता.

"तुम्हाला शोधलं होतं," तो म्हणाला. बोलायची सवय नसल्यामुळे एकेक वाक्य तो भट्टीतून ट्रे काढावा तसं जपून काढत होता. "आठवडा झाला, पंधरा दिवस झाले, तुमचा पत्ता नाही. तुमचं नाव माहीत नाही. चष्म्याचं काम करता एवढंच ठाऊक, ती काडी बसवून दिली होती म्हणून. बाजारात तीन दुकानं आहेत. दोघांनी सांगितलं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही."

"आणि तिसरं?"

"तिसरं बंद होतं. शटरवर पाटी होती, दुकान भाड्याने देणे आहे म्हणून." त्याने हातावरचा मैदा झटकला, तो तिथे नव्हताच. "मला वाटलं..."

काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. आणि तसं वाटूनही हा माणूस पुढे महिनाभर रोज दोन मुठी टाकत राहिला होता. चष्मेवाल्याचं स्टूल त्याच्या जागेवरच राहिलं होतं; तो तसाच ओल्या दगडावर बसला, दुखरा पाय लांब करून.

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला. "घोटा मोडला."

"कोण होतं बघायला?"

"कुणी नाही."

बेकरीवाल्याने मान हलवली. मग त्याने आपलं नाव सांगितलं, आणि चष्मेवाल्याने आपलं. सात वर्षांनी हे करताना दोघांनाही जरा लाजल्यासारखं झालं. मध घालतो, हेही चष्मेवाल्याने सांगून टाकलं. मध महाग पडतो, असं बेकरीवाल्याचं मत पडलं. एवढ्या बोलण्याने आसपासचे मासे केव्हाच पळाले असतील, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती.

ऊन वर आलं. बेकरीवाला सामान आवरू लागला. दुपारची झोप काढल्याशिवाय त्याला रात्री उभं राहता येत नसे. डबा बंद करता करता त्याने विचारलं,

"राहता कुठे?"

चष्मेवाल्याला मुलीच्या घराचा पत्ता पाठ होता. तिने तो फोनवर तीनदा म्हणवून घेतला होता, नव्या शहरात बाबा चुकू नयेत म्हणून. इमारतीचं नाव, नववा मजला, डावीकडचं दार. तो ओठांपर्यंत आला. त्याने खालचा दगड हाताने चाचपला, जणू तो पक्का आहे ना हे बघायचं होतं.

"भाजीबाजाराच्या मागे," तो म्हणाला. "दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसरा मजला."

"कधी असता?"

"असतोच. पण बेल बिघडलीय. दार जरा जोरात वाजवा."