भाऊ किती आहेत ते कळवावे

श्रुतिकाचं पत्र मार्चात आलं आणि मी त्याला उत्तर पाठवलं नाही. लिहिलं मात्र तीनदा. पहिलं उद्धट वाटलं, दुसरं लाचार, आणि तिसऱ्यात मी नक्की काय म्हणतोय हे मलाच कळेना.

मी महाडच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, तेव्हा कॉलेज सुटलं की पोलादपूरची एसटी येईपर्यंत ही मुलगी माझ्यासमोर बसून वाचायची. मी फोन उचलत नाही हे तिला ठाऊक, म्हणून तिने टपालाने विचारलं होतं: "काका, आमच्या कंपनीचं लिहिण्याचं काम कायमचं घ्याल का? हो किंवा नाही, एवढंच कळवा."

एप्रिलात ती स्वतःच आली. माझी थोरली बहीण आनंदीआक्का दारातच तिला म्हणाली, "ये गो. तुझं पत्र पुस्तकात दाबलंय त्यानं. मुरतंय लोणच्यागत."

श्रुतिकाने लॅपटॉप उघडून सगळं समजावलं. पोलादपुरात दोन खोल्यांत तिची कंपनी. शेअरच्या जुन्या किमती शोधून देणारं एक साधन त्यांनी बनवलं होतं. ते वापरणार होते एजंट, म्हणजे कुणी मराठीत प्रश्न विचारला की आपणच शोधाशोध करून उत्तर देणारे प्रोग्राम. साधन कसं वापरायचं ते एजंटाला सांगणारं एक माहितीपान लागतं. श्रुतिकाने लिहिलेलं पान फार त्रोटक होतं. एजंटाने रविवारची किंमत मागितली, बाजार बंद असल्याने रिकामं उत्तर आलं, आणि त्याने रिकाम्याचा अर्थ शून्य असा घेऊन चांगली चालती कंपनी बुडाल्याचं कळवलं.

"शुक्रवारी पुण्याचे ग्राहक तपासणार आहेत," ती म्हणाली. "त्यांना नाही पटलं तर खोल्या सोडायच्या नि मी पुण्यात नोकरी धरायची. आई इथे एकटी राहील."

"मला शेअरमधलं काही कळत नाही."

"त्या एजंटालाही नाही. जमेल तुमचं."

मी दोन दिवस खपून पान लिहिलं. मला ते बरं वाटलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. श्रुतिकाने पुन्हा येऊन ते एजंटाला दिलं आणि रविवारची किंमत विचारली. एजंट शोधू लागला. आम्ही चहा घेतला. एजंट शोधतच होता.

"तुम्ही यात काय लिहिलंय?" श्रुतिकाने वाचून दाखवलं. "'सुट्टीच्या दिवशी बहुधा किंमत मिळणार नाही. तरी समाधान न झाल्यास पुन्हा पाहावे.' काका, त्याचं समाधान होतच नाहीये."

"त्याला तुझाच गुण लागला," आक्का म्हणाली.

शेवटी उत्तर उमटलं: 'किंमत सापडली नाही. चूक बहुधा माझीच असावी. क्षमस्व.'

माझे कान गरम झाले. श्रुतिकाने घाईघाईने दुसरा प्रश्न टाकला. एका कंपनीने एका शेअरचे पाच केले होते, त्यामुळे जुन्या नोंदींत किंमत एका दिवसात एकदम पाचवा हिस्सा झालेली दिसत होती. यावर मी पानात आपल्याकडचा दाखला दिला होता: भाताच्या एका खाचराची पाच भावांत वाटणी झाली तर प्रत्येकाचा तुकडा लहान होतो, खाचर तेवढंच राहतं. या दाखल्याचा मला जरा अभिमानच वाटत होता.

एजंटाने लिहिलं: 'उत्तर देण्यापूर्वी भाऊ किती आहेत ते कळवावे.'

आक्का पदर तोंडाला लावून आत गेली. "बहिणींचा हिस्सा पण इचार म्हणावं," तिचा आवाज आला.

"सोड मला यातून," मी श्रुतिकाला म्हणालो. "मी आयुष्यात एक वाक्य खात्रीने लिहिलेलं नाही."

"वाचनालयात एखादं पुस्तक नसलं तर काय सांगायचात?"

"नाही म्हणून."

"बहुधा नाही?"

"छे. नोंदच नसेल तर नाहीच. उगाच लोकांना ताटकळत कशाला ठेवायचं?"

लॅपटॉप तिने माझ्याकडे सरकवला.

मी वाचनालयाच्या पाटीवर लिहायचो तसं लिहिलं. 'बाजार बंद असेल त्या दिवसाची नोंद नसते. एकदाच पाहावे. नोंद नसेल तर "नोंद नाही" असे सांगून थांबावे. रिकामे म्हणजे शून्य नव्हे. शेअरची विभागणी झाली असेल तर आधीच्या किमती त्याच प्रमाणात भागून मग तुलना करावी.' खाचर काढलं, भाऊ काढले. काढताना जिवावर आलं. एजंटाने या वेळी लगेच उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आक्काच्या फोनवर श्रुतिका बोलली. पुणेकरांना पान पसंत पडलं होतं. त्यांच्याकडे अशी आणखी सहा साधनं होती, पण सगळी पानं याच माणसाने लिहायला हवीत अशी त्यांची अट होती. नाहीतर काम दुसरीकडे जाणार.

"काकांना विचारत नाही मी," ती आक्काला म्हणाली. "सोमवारपर्यंत पुण्याला कळवायचंय, एवढं त्यांच्या कानावर घाला."

"तो इथंच हाय. ऐकतोय, पण बोलायचा नाय."

नकार द्यायची कारणं मला पुष्कळ सुचत होती. वय, डोळे, शेअरचं अज्ञान. पण तिला पुण्याला जावं लागेल आणि तिची आई मागे राहील, याच्यापुढे त्यातलं एकही टिकेना.

मी पोस्टकार्ड घेतलं. 'चि. श्रुतिकास आशीर्वाद. हो. काम घेतो.' पुढे 'जमल्यास' लिहिणार होतो, पण आक्का डोक्यावर उभी होती.

"आज टाकलंस तरच सोमवारी पोचंल," ती म्हणाली. "नायतर मग तूच घेऊन जा एसटीनं."

मी चपला घातल्या, पोस्टापर्यंत गेलो आणि शेवटचं टपाल काढायला आलेल्या माणसासमोरच कार्ड पेटीत टाकलं.