न झालेल्या प्रवेशाची तारीफ

ठाण्याच्या साप्ताहिकात 'राणीची दासी' नाटकाची तारीफ छापून आली, तेव्हा कंपनीतल्या बाकीच्या बायका हरखून गेल्या. रतनबाईंचं मन मात्र धास्तावलं.

त्यांची बायकांची नाटक कंपनी त्या हिवाळ्यात कल्याणला येऊन राहिली होती. राजापासून शिपायापर्यंत सगळी सोंगं बायकाच घ्यायच्या. दासीचं काम रतनबाई करीत आणि हे नवं नाटक लिहिलंही त्यांनीच होतं. गावाला ते पटत नव्हतं. नाटक मॅनेजर महिपतरावांचं, बाईचं नुसतं नाव, असं बाजारपेठेत लोक उघड बोलत.

आजवर रतनबाईंवर जे लिहून आलं ते त्यांच्या डोळ्यांवर, शालूवर, फार तर गळ्यावर. या मजकुरात रूपाबद्दल एक अक्षर नव्हतं. होती ती भाषेची आणि विचाराची स्तुती. खाली सही होती 'ह.' म्हणजे शाळेतले हरिहर मास्तर, हे साऱ्या कल्याणला ठाऊक होतं. आणि याच मास्तरांनी, कंपनीला जागा मिळू नये म्हणून दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या होत्या.

पुन्हा वाचताना रतनबाई एका ओळीवर थबकल्या. "तुमच्या झोपेवर मी पहारा देते, बाईसाहेब, माझ्या झोपेवर कोण देतं?" हा दासीचा सवाल मास्तरांनी तोंड भरून वाखाणला होता. पण तो प्रवेश प्रयोगात झालाच नव्हता. प्रेक्षक उठून जातील म्हणून महिपतरावांनी तो शेवटच्या तालमीला गाळायला लावला होता.

त्या तडक महिपतरावांकडे गेल्या.

"हे तुम्ही लिहवून घेतलंत?"

"मी? तो माणूस रस्त्यात मला ओळख देत नाही, रतनबाई."

"मग गाळलेला प्रवेश त्याला कुणी सांगितला?"

महिपतरावांनी मजकूर वाचला आणि त्यांचाही चेहरा उतरला. "तो थिएटरात आलेलाच नाही. दारावर मीच उभा होतो."

रतनबाईंचा विश्वास बसला नाही. आज बाईला डोक्यावर घ्यायचं आणि उद्या 'नाटक मॅनेजरचं' असं छापून तिला तोंडघशी पाडायचं, असा काही बेत असेल तर? त्यात महिपतरावांचंही अंग असेल तर? दिवसभर कंपनीतली जी जी बाई समोर आली, तिच्याकडे त्या त्याच नजरेनं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच मास्तरांच्या घरी गेल्या. घर तालमीच्या जागेला लागूनच होतं. मास्तर ओटीवर बसले होते. बाईंना पाहून ते गडबडले आणि आधी त्यांनी रस्त्याकडे बघून घेतलं.

"काय काम आहे?"

"तुम्ही नाटक पाहिलं नाहीत. मग तारीफ कशाची केलीत?"

चांगलं छापलं, तेवढ्यावर समाधान मानावं, असं काहीसं मास्तर पुटपुटले. तेवढ्यात आतून आवाज आला, "त्यांना नका विचारू. मला विचारा."

दाराआड मास्तरांची बायको उत्तराबाई उभ्या होत्या. पदर सावरत त्या उंबऱ्याशी आल्या.

"आमचं स्वयंपाकघर तुमच्या भिंतीला लागून आहे. तुमच्या तालमी मी रोज ऐकते. जात्यावर बसले की तीच भाषणं तोंडात येतात. यांनी एकदा विचारलं, कुठल्या पोथीतलं गं हे? तोवर यांना ते आवडून गेलं होतं. मी सांगितलं, पलीकडच्या बाईचं. मग मी बोलत गेले आणि यांनी लिहून पाठवलं."

"माझंच लिखाण आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"अडलेलं वाक्य तुम्ही तिथल्या तिथे बदलून म्हणता. महिपतराव नुसते 'आटपा' म्हणतात."

रतनबाईंना हसू येता येता राहिलं. तरी शंका पुरती फिटली नव्हती. गोड बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

उत्तराबाई जरा घुटमळल्या. "एक गोष्ट मी यांना छापू दिली नाही. शेवटचा अंक मला पटला नाही. एवढा सवाल करणारी दासी शेवटी राणीचे पाय का धरते?"

त्या अंकापाशी आपण भ्यायलो, हे रतनबाईंना लिहितानाच जाणवलं होतं. महिपतरावांना तर तोच अंक सगळ्यात आवडायचा. वर्तमानपत्र हातात पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ती तारीफ खरी वाटली.

"लोक चिडतील म्हणून," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"लोकांचं मी विचारलं नव्हतं."

मास्तरांनी पगडी उचलली आणि कुणाकडेही न बघता ते शाळेला निघून गेले. उत्तराबाईंनी आतून एक पाट आणून ओटीवर मांडला.

"बसा," त्या म्हणाल्या. "तो शेवट एकदा सगळा म्हणून दाखवा. भिंतीतून नीट ऐकू येत नाही."