ओडेल अकरावे गाणे का लावत नसे

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. माझ्या पोटात अकरा कंट्री गाणी, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडची गाणी, आहेत आणि पाठीवर त्याहून जास्त चरे.

टीव्हीवरच्या स्पर्धेत मार्ली प्रुइट पहिली आली, तेव्हा टेनेसीच्या डोंगरातले तिचे सगळे गाव फोन करकरून मते देत होते. बक्षीस म्हणून नॅशव्हिल या गाण्यांच्या शहरात तिचा पहिला अल्बम निघाला. तोच माझा जन्म.

अकरावे गाणे मार्ली लहानपणापासून चर्चमध्ये आईबरोबर गात असे. मार्ली वरच्या सुरात, आई व्हर्ना खालच्या. पण रेकॉर्डिंगच्या आधीच व्हर्नाला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली.

"खालच्या सुराला दुसरी गायिका बोलावू," ध्वनिमुद्रण करणारे साहेब म्हणाले.

"नको. तो सूर आईचा आहे."

"अगं, लोक म्हणतील गाणं अर्धवट आहे!"

"म्हणू देत. आहेच अर्धवट."

लोक तसेच म्हणाले. वर्षभरात माझ्या बहिणी, म्हणजे याच अल्बमच्या न खपलेल्या सीडी, पशुखाद्याच्या दुकानात अर्ध्या किमतीच्या टोपलीत जाऊन पडल्या. मी मात्र मार्लीच्या वडिलांच्या, म्हणजे ओडेलच्या, पिकअपमध्ये होते. दर गुरुवारी तो व्हर्नाला बोलण्याच्या उपचारांसाठी चाळीस मैलांवर नेत असे. वाटेत मी गायचे. दहावे गाणे संपले की ओडेल मला बंद करी. अकरावे ऐकून ती रडेल, अशी त्याला भीती वाटे. उपचार सुरूच होते, पण व्हर्नाच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता.

एका गुरुवारी तो पेट्रोलसाठी उतरला आणि पंपवाल्या ल्युलाबाईशी मासेमारीच्या गप्पा मारत राहिला. इकडे दहावे गाणे संपले. मला थांबवायला कोणी नव्हते. मी अकरावे सुरू केले.

दुसऱ्या ओळीत व्हर्नाचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीत खालचा सूर आला. खरखरीत होता, पण शब्दांसकट होता!

"ओडेल, तुझी गाडी दोन आवाजांत गातेय की काय?" ल्युलाबाई म्हणाली.

"गाडीला एवढी अक्कल असती तर..." एवढे बोलून ओडेल धावला.

आणि नेमकी तेव्हाच मी एका चऱ्यावर अडकले. मार्लीचा एकच शब्द पुन्हा पुन्हा! मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण व्हर्ना थांबली नाही. मला तिथेच सोडून ती एकटी पुढे गेली आणि तिने गाणे शेवटपर्यंत नेले. रडला तो ओडेल. ती नाही.

साधे बोलणे अजून तिला जड जाते, पण एकेक शब्द येतो आहे. परवा ओडेलने तळलेली कोंबडी खाऊन तेलकट झालेल्या हातांनी मला उचलले, तर ती म्हणाली, "हात... पूस... गाढवा!" त्या शिवीने तो दिवसभर खूश होता.

मित्रांनो, मला कडेने धरा, मऊ फडक्याने पुसा. आणि घरातल्या आजारी माणसाला रडू येईल म्हणून त्याचे आवडते गाणे बंद करू नका. आधी त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा.