शून्याच्या खाली टेकलेला काटा

मी एक जुना खोलीमापक आहे, मित्रांनो, आणि मला फार राग आलेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकीकत सांगायला लागल्या की गळा काढतात, ‘मला कोणी विचारत नाही’ म्हणून. मलाही कोणी विचारत नाही. पण माझा राग त्यासाठी नाही.

पाणबुड्या पाण्यात उतरताना मला मनगटावर बांधतो. तो जसजसा खाली जातो तसतसा पाण्याचा दाब वाढतो, माझा काटा पुढे सरकतो आणि किती मीटर खोल आलो ते दाखवतो. मी हवेचाही दाब ओळखतो. समुद्रकाठी माझा काटा बरोबर शून्यावर उभा असतो. घाट चढून वर आलं की हवा विरळ होते आणि काटा शून्याच्याही खाली सरकून तिथल्या छोट्या खिळीला टेकतो. भाजे गावातल्या या घरात मी अठ्ठावीस वर्षं तसा टेकून होतो. घरातले म्हणायचे, बिघडलाय. बिघडलाय म्हणे! या घरात एवढी वर्षं खरं बोलणारा मी एकटाच होतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. पितळी पोट, जाड काच, रबरी पट्टा. एका बोटीवरून मुंबईच्या जुन्या बाजारात उतरलो आणि तिथून अंबाजीनं मला उचललं. अंबाजी भाज्याचा शेतकरी, पण पाण्यात पडला की मासा. एका ठेकेदारानं त्याला आणि लोणावळ्याच्या ताजुद्दीनला पाणबुड्याचं काम शिकवलं. पावसाळा सरला की धरणांच्या जाळ्यांत अडकलेला कचरा काढायचा, उन्हाळ्यात कोकणात उतरून जेट्टीचे खांब दुरुस्त करायचे. घाटावरच्या धरणात उतरताना ताजुद्दीन माझ्या आकड्यात पाऊण मीटर मिळवायचा, कारण माझा काटा खालून निघालेला असतो हे त्याला ठाऊक होतं. अंबाजी मला रोज गोड्या पाण्यात धुवायचा आणि चारचौघांत म्हणायचा, “ह्यो हाय म्हून मी हाय.” मी फुगून जायचो. खोटं कशाला सांगू?

मग तो चैत्रातला दिवस आला. दुसऱ्या दिवशी भाज्याची जत्रा होती. कोकणातल्या जेट्टीवर दुपारपर्यंत दोन लांबलचक बुड्या झाल्या, दुसरी अठरा मीटरची. मीच मोजली होती. अंबाजीनं कपडे बदलले आणि तो टेम्पोत चढायला निघाला.

“अंबाजी, आजची रात खालीच काढू,” ताजुद्दीन म्हणाला. “बुडी मारल्यावर उंचावर जायचं न्हाई. शिकवलंय आपल्याला.”

अंबाजी हसला. “उंचावर म्हंजी इमानात. आपला घाट काय इमान हाय व्हय? घर हाय आपलं तितं!”

मित्रांनो, खोल पाण्यात माणसाच्या रक्तात हवा मुरते. ती सावकाश बाहेर पडावी लागते. घाईनं उंचावर गेलं तर सोड्याची बाटली फोडल्यावर उठतात तसे रक्तात बुडबुडे उठतात. विमान असो नाहीतर बोरघाट, रक्ताला त्याचं काय? पण घाटमाथ्यावर जन्मलेल्या माणसाला घाट ही उंची वाटतच नाही.

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. जाणारी-येणारी गाडी तिथे वेग कमी करते आणि माणसं नाणं टाकतात. अंबाजी कामाला निघाला की त्याची बायको कस्तुराबाई त्याच्या वरच्या खिशात दोन नाणी घालायची, एक जाण्याचं, एक येण्याचं. त्या खेपेला जत्रेच्या सारवणाच्या गडबडीत तिनं एकच घातलं. देऊळ आलं, अंबाजीनं खिशात हात घातला, खिसा रिकामा. आणि त्याच वेळी त्याचे पाय गेले. ताजुद्दीननं त्याला टेम्पोतून उचलून उतरवलं तेव्हा ते लुळे लोंबत होते.

डॉक्टरांनी विचारलं, “दुपारी काय काम केलं होतं?” ठेकेदाराला त्रास नको म्हणून अंबाजी म्हणाला, “काय न्हाई.” त्या एका वाक्यानं उपचाराची वेळ हुकली. काही महिन्यांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा खरं कारण उघड झालं. पण फक्त अंबाजी आणि ताजुद्दीनपुढे. घरी येऊन अंबाजीनं सांगितलं, अंगावरून वारं गेलं. मित्रानं बजावलं होतं आणि आपण हसलो होतो, हे सांगायची त्याला लाज वाटत होती. ताजुद्दीनलाही त्यानं दोस्तीची शपथ घातली.

कस्तुराबाईनं मात्र मनाशी पक्कं केलं होतं. नाणं विसरले मी, म्हणून देव कोपला.

तेव्हापासून दर चैत्रात ती पहाटे निघते आणि भाज्यापासून शिंगरोबापर्यंत अनवाणी चालत जाते, माफी मागायला. डांबर तापलेलं असतं, अंगावर ट्रक येत असतात. संध्याकाळी परत आली की ओट्यावर बसून टाचांना तेल-हळद लावते. आणि अंबाजी चाकाच्या खुर्चीत बसून ते बघतो आणि गप्प राहतो. एका वर्षी नाही, दोन वर्षी नाही, अठ्ठावीस वर्षं! मी खुंटीवरून पाहत होतो. मला तोंड असतं तर मी सगळं गाव गोळा केलं असतं.

पुढे खुंटीवर कॅलेंडर आलं आणि मी टेबलावर आलो. कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवू लागले. कोणीकोणी चहाचा कपही माझ्यावर टेकवला. ते सगळं मी सोसलं.

अंबाजीची मुलगी माधवी त्या चैत्रात दोन वर्षांची होती. आता ती आणि तिचा नवरा गौरव याच घरात होमस्टे चालवतात. शनिवार-रविवार पाहुण्यांचा, त्यामुळे यांची सुट्टी मधल्या वारांतच निघते. पाण्याची ओढ माधवीनं बापाकडून घेतली. दोन हिवाळ्यांपूर्वी पुण्यात जाऊन तिनं स्कूबा डायव्हिंग शिकून घेतलं, गौरवलाही शिकायला लावलं. आणि गेल्या डिसेंबरातल्या एका बुधवारी दोघं तारकर्लीच्या सहलीचा बेत आखायला बसली. कागदावर वजन म्हणून अर्थातच मी. शेजारी अंबाजी, आणि दर बुधवारी गप्पा मारायला येणारा ताजुद्दीन.

माधवीनं वाचून दाखवलं, “मंगळवारी निघायचं. बुधवारी किल्ला बघायचा. गुरुवारी सकाळी दोन डाइव्ह, दुसरी अठरा मीटर. जेवून लगेच फोंडा घाट चढायचा, कोल्हापूरवरून रात्री घरी. शुक्रवारी दुपारी पाहुणे येतायत.”

“डायव्हिंगच्या फॉर्मवर लिहिलंय, डाइव्हनंतर अठरा तास विमानप्रवास करू नका,” गौरव म्हणाला.

“मग आपण कुठं विमानानं येतोय? गाडीनं तर येणार.” ती हसली. “आणि घाटाचं काय एवढं? घाटावरच तर राहतो आपण.”

तेच हसू! तेच शब्द! माझ्या काचेला तडा कसा गेला नाही कोण जाणे. ताजुद्दीनचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. अंबाजीनं मान खाली घातली. बोल ना रे, मी मनात ओरडत होतो, पोटची पोर आहे तुझी!

“गुरवारी नगं येऊ,” शेवटी तो पुटपुटला. “शुक्कीरवारी ये.”

“आबा, पाहुणे आहेत शुक्रवारी. का नको?”

“आसंच.”

आसंच! पाय गेले, बायकोच्या टाचा फाटल्या, आता मुलगी निघाली त्याच वाटेनं, आणि हा म्हणतो आसंच! माधवीनं खांदे उडवले आणि गुरुवारच्या पुढे ‘रात्री घरी’ असं ठळक लिहिलं.

ताजुद्दीननं कप खाली ठेवला आणि मला उचललं. “अंबाजी, तू सांगतोस का मी शपथ मोडू?” अंबाजी बोलेना. तेव्हा तो माधवीकडे वळला. “पोरी, ह्यो बिघडलेला न्हाई. खाली खोपोलीला घिऊन जा, शून्यावर येतोय. वर आणला का पुन्ना खाली बसतोय. त्याला घाट कळतो. तुज्या बापाला त्या दिवशी कळला न्हाई.”

मग अंबाजी बोलला. खाली बघूनच बोलला, पण सगळं बोलला. जेट्टी, दोन बुड्या, ताजुद्दीनचं बजावणं, आपलं हसणं, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. माधवीनं पेन खाली ठेवलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात, पिठानं भरलेले हात घेऊन, कस्तुराबाई उभी होती.

“मंजी नाण्याचं...” ती म्हणाली.

“नाण्याचा काय संबंद न्हाई, कस्तुरा.”

“तुमाला कवापासनं ठावं हाय?”

“त्याच वर्सापासनं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “अठ्ठावीस वर्सं अनवानी गेले मी. तुमी हितं बसून बगत व्हता.” तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तशी ती आत गेली.

 माधवीनं ‘रात्री घरी’ खोडलं आणि लिहिलं, ‘मुक्काम खालीच. शुक्रवारी परत, समुद्रकाठच्या रस्त्यानं खोपोलीवरून.’

“पावन्यांचं मी बगतो,” अंबाजी म्हणाला. तिनं कागदाची घडी घातली आणि मला तिच्यावर ठेवलं.

जानेवारीत तिनं मला बरोबर नेलं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर माझा काटा खिळीवरून उठला आणि शून्यावर उभा राहिला. मी माधवीच्या मनगटावर अठरा मीटर खाली गेलो आणि सुखरूप वर आलो. त्या रात्री दोघं समुद्रकाठीच राहिली. शुक्रवारी खोपोली सोडल्यावर माधवी माझ्याकडे बघत बसली आणि वळणावळणाला काटा खाली सरकताना तिनं डोळ्यांनी पाहिला. शिंगरोबापाशी तिनं नाणं टाकलं. देवाची त्यात काहीच चूक नव्हती.

पाहुण्यांना अंबाजीनं सांभाळलं होतं. कस्तुराबाई त्याला जेवायला वाढते, औषध देते. कामाशिवाय बोलत नाही. तो बोलायला बघतो, ती उठून जाते. तिचं बरोबरच आहे, असं मला वाटतं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू विनवते, मला जपा, मला पुसा. मला पुसलं नाहीत तरी चालेल. चहाचा कपही ठेवा. पण तुम्हाला घाटातलं वळण माहीत असेल, पाण्याची खोली माहीत असेल, आपली चूक माहीत असेल, तर ती आपल्या माणसांना वेळेवर सांगा. लाज वाटली तरी सांगा. तुमच्या गप्प बसण्यावर दुसरं कोणीतरी चालत असतं.

या चैत्रातही कस्तुराबाई पहाटे उठली. शिंगरोबाला जायचं ती सोडणार नव्हती. अंबाजी खुर्चीत बसून बघत होता. तिनं दाराशी वाकून पायात चपला घातल्या आणि ती निघाली.